जुनी ८००: सकाळची टकटक, चढावरची खळखळ. इंजिन खोलायचं का?

वारजेवाली
नमस्कार मंडळी. गाडी २००५ची मारुती ८००, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरवाली), एमएच-१२. मूळची सासऱ्यांची, आता वारजे ते बाणेर रोज मी चालवते. पासिंग रीतसर करून घेतलंय, हरित कर भरलाय, नव्या नंबरप्लेटही बसवल्यात. त्यामुळे ‘विकून टाका’ हा सल्ला कृपया नको, तो घरात फुकट मिळतो.

त्रास असा आहे. सकाळी चालू केली की इंजिनातून बारीक, कोरडी टकटक येते. पार्किंग इमारतीखाली असल्यामुळे ती तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचते आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘शिलाई मशीन निघालं’ असे मेसेज पडतात. चांदणी चौक येईपर्यंत टकटक बरीच कमी होते. दुसरा आवाज निराळाच आहे. वारज्याहून चांदणी चौकाकडे चढताना पाय जरा दाबला की समोरून खळखळ येते, पाय सोडला की थांबते.

एका गॅरेजात सांगितलं, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट वाढलीय. एकाने बॉनेट न उघडताच ‘हाफ इंजिन करावं लागेल’ (इंजिन खोलून आतले झिजलेले भाग बदलायचे) म्हणून मोठा आकडा सांगितला. आणखी एक म्हणाला, जाड ऑइल टाका, आणखी वर्षभर निघेल. कुणाचं ऐकू? खरंच खोलायला झालंय का? नसेल तर आवाज कमी करायला काय करता येईल?

सदाशिव३०
आवाज येतोय म्हणजे इंजिन आहे. यायचा बंद झाला की धागा काढा.

फिलर_गेज
ताई, नुसतं ‘आवाज येतो’ ऐकून हाफ इंजिन सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. आधी काही गोष्टी बघून इथे लिहा.

पहिली म्हणजे ऑइल. गाडी सपाटीवर लावून, बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून परत घालून बघा. वीस वर्षांचं इंजिन थोडं ऑइल खातंच, आणि पातळी फार उतरली की पंप हवा ओढायला लागतो. मग कॅम आणि रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) बोलायला लागतात. पातळी ठीक असेल तर ऑइलचा लाल दिवा बघा. चालू केल्यावर लगेच विझतो की रेंगाळतो? आणि इंजिन पूर्ण तापलेलं असताना सिग्नलला लुकलुकतो का? लुकलुकत असेल तर धागा वाचत बसू नका, गाडी उभी करा.

मग बघा की न्यूट्रलमध्ये उभ्या उभ्या रेस दिली तर टकटक त्याच प्रमाणात वाढते का, आणि क्लच दाबल्यावर काही फरक पडतो का.

हे सगळं इमारतीखाली ऐकू नका. तिथे छत, खांब आणि भिंती सगळीकडून आवाज परत फिरतो आणि शिवणयंत्राचाही ट्रक होतो. बाहेर मोकळ्यावर आणा.

जुनंसोनं
इतकं कशाला? माझ्या झेनला कित्येक वर्षं २०डब्ल्यू-५० टाकतोय, सोबत ती ऑइल घट्ट करणारी बाटली. आवाज गायब, विषय संपला.

फिलर_गेज
@जुनंसोनं, आवाज गायब होतो हे खरं, कारण जाड थर फट भरून काढतो. झीज मात्र आहे तिथेच राहते आणि आपल्याला दिसेनाशी होते. शिवाय ताईंचा आवाज थंड इंजिनाचा आहे. जाड ऑइल थंड असताना वर हेडपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं, म्हणजे तेवढे सेकंद रॉकर कोरडेच घासणार. मॅन्युअलमधला ग्रेड टाकायचा आणि फिल्टर चांगला घ्यायचा. फिल्टरच्या आत रबरी झडप असते, ती रात्रभर ऑइल धरून ठेवते. स्वस्त फिल्टरमध्ये ती निकामी निघाली की सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड होणारच.

जुनंसोनं
थंड इंजिन? पुण्यात? डिसेंबरातले पंधरा दिवस सोडले तर थंडी असते कुठे आता?

फिलर_गेज
रात्रभर उभं असलेलं इंजिन पुण्यातल्या मे महिन्यातही थंडच असतं हो. त्याला स्वेटर लागत नाही एवढंच.

क्लचवरचा_पाय
क्लचची चाचणी जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या वॅगन-आरला यावरून नको तो खर्च होता होता वाचला. न्यूट्रलमध्ये, क्लच न दाबता घरघर येते आणि दाबला की थांबते, असं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा. उलट, क्लच दाबल्यावरच चर्र असा आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. दोन्हीत इंजिनाचा दोष नाही. मला मात्र ‘इंजिन आवाज करतंय’ म्हणूनच सांगितलं होतं.

दणकट_चेतक
आकुर्डीच्या मातीतली माझी ८४ची चेतक अजून पहिल्या किकला उठते. आवाज येतो, पण तिचा आवाज हा दोष नसून स्वभाव आहे. टू-स्ट्रोकला ना व्हॉल्व्ह, ना कॅम, ना टॅपेट. वाजायला जागाच नाही.

घाटमाथा
@दणकट_चेतक, म्हणून तर ती सगळा आवाज सायलेन्सरमधून काढते. तुम्ही लक्ष्मी रोडवर शिरलात की आम्हाला डेक्कनला कळतं.

दणकट_चेतक
कळलं ना? मग हॉर्नची गरज उरली नाही. प्रदूषण कमी.

वारजेवाली
सर्वांचे आभार. बघितलं सगळं. ऑइल डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मधोमध आहे. लाल दिवा लगेच विझतो, गरम इंजिनावरही लुकलुकत नाही. न्यूट्रलमध्ये रेस दिली की टकटक त्याच बरोबरीनं वाढते. क्लचनं काहीच फरक नाही. रस्त्यावर आणून ऐकलं तर आवाज बराच लहान वाटला, पण आहे. आणि एक नवीन लक्षात आलं: एसी लावला की स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड दोन्ही थरथरतात. हे कशात धरायचं?

निवृत्त_फोरमन
वारजेवाली ताई, माहिती चांगली दिलीत. माझी नोकरी भोसरीत मेंटेनन्सला गेली, तिथे मशीन खोलायच्या आधी ऐकायला शिकवायचे. थोडं लांबलचक लिहितो, पण सबुरीनं वाचा.

आधी वेग मोजायचा. हे चार स्ट्रोकचं इंजिन आहे. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. इंजिन स्लोला ८००च्या आसपास फिरत असेल, तर एका टॅपेटची टकटक मिनिटाला ४००च्या आसपास पडते. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ठोकत असेल तर ते क्रँकच्या वेगानं, म्हणजे दुपटीनं ठोकतं, आणि तो आवाज बारीक नसतो. जड, खालून येणारी ठकठक असते. शिवाय बेअरिंगचा आवाज इंजिन तापल्यावर वाढतो, कारण ऑइल पातळ होतं. तुमचा कमी होतोय. म्हणजे हाफ इंजिनवाल्याची गोष्ट इथेच बरीचशी बाद होते.

आता खरी गंमत. अर्ध्या वेगानं टकटक म्हणजे टॅपेटच, असं सगळे धरून चालतात. पण प्रत्येक सिलिंडर धूर बाहेर टाकतो तोही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांचं) पॅकिंग एका जागी फुटलेलं असेल तर तिथून निघणारा दाब त्याच तालात टकटक करतो. कानाला दोन्ही जवळजवळ सारखंच. भलेभले फसतात.

फरक कसा ओळखायचा? मॅनिफोल्डचं लोखंड तापलं की फुगतं, फट बंद होते, आवाज कमी होतो किंवा जातो. थंडीत टकटक करणारा पिस्टनही असाच कमी होतो, पण त्याचा सूर जरा बोथट असतो. दुसरं, टॅपेटला लोडशी फारसं देणंघेणं नसतं. गळकं पॅकिंग मात्र पाय दाबला की जास्त ओरडतं. तिसरं, पॅकिंगच्या कडेला काळी काजळी दिसते, टॉर्च मारून बघा. चौथी चाचणी दोन माणसांची. एकाने जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर काही सेकंद दाबून धरायचं, हात मधोमध न ठेवता कडेला. मागचा दाब वाढला की गळतीचा आवाज मोठा होतो. टॅपेट आहे तसाच राहतो.

आणि शेवटचं, एकेका सिलिंडरचं इंजेक्टर सॉकेट काढून बघायचं. त्या सिलिंडरचं पेट्रोल बंद झालं की तिथला स्फोट थांबतो. त्याबरोबर टकटकही मंदावली तर ती गळती, पिस्टन किंवा बेअरिंगची. फरकच पडला नाही तर टॅपेट. जुने मेकॅनिक यासाठी प्लगची वायर उपटतात. एमपीएफआय गाडीत तसं करू देऊ नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन त्याची वाट लागते. चेक इंजिनचा दिवा लागला तर घाबरू नका.

ओढणी, साडीचा पदर आणि मोकळे केस पट्ट्यापासून लांब. पंखा अचानक चालू होतो.

सदाशिव३०
@निवृत्त_फोरमन काका, या प्रतिसादाची प्रिंट काढून गॅरेजात लावतो. खाली माझं नाव घालून.

डॉ_खोकला
ऐकण्याचा विषय निघालाच आहे तर व्यावसायिक सल्ला देतो. मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक इंजिनावर टेकवतात, ती पद्धत चालते, पण हात घसरला तर कानात स्क्रूड्रायव्हर आणि पुढे मी. त्यापेक्षा जुना स्टेथोस्कोप घ्या, छातीवर ठेवायची चकती काढा आणि नळीच्या टोकाला पातळ स्टीलची कांब बसवा. धातूतून येणारा आवाज त्यात स्वच्छ ऐकू येतो. कांब रॉकर कव्हरवर, मग ब्लॉकवर, मग अल्टरनेटरच्या बॉडीवर. सगळ्यात मोठं जिथे, दुखणं तिथे.

हवेच्या गळतीसाठी मात्र कांब काढून नुसती रबरी नळी वापरायची आणि तिचं तोंड पॅकिंगच्या कडेनं फिरवायचं. नळी बोहरी आळीत मिळेल. स्टेथोस्कोप माझ्याकडून फुकट, फक्त इंजिन खोकायला लागलं तर फी लागेल.

ओम्नीवाला
माझ्या ओम्नीत हेच ७९६ सीसी इंजिन, तेही थेट सीटखाली. त्यामुळे स्टेथोस्कोप लागत नाही, बसल्या जागी तपासणी होते.

फोरमन काका म्हणतात तो पिस्टनचा प्रकार माझ्याकडे आहे. सकाळी ढबढब, पाच-सात किलोमीटर गेलं की शांत. मेकॅनिकनं इंजेक्टर काढून बघितलं, मधल्या सिलिंडरवर आवाज निम्मा झाला. पिस्टन आणि बोअर झिजून फट वाढली आहे, पिस्टन तापून फुगला की ती भरते. मी विचारलं, करू का काम? तो म्हणाला, ऑइल पितेय का? नाही. निळा धूर? नाही. कॉम्प्रेशन तिन्हींचं जवळजवळ सारखं. मग म्हणाला, चालवा, फक्त थंड असताना रेस देऊ नका. त्यानंतर कोकणात जाऊन आलो, वरंधा घाटातून.

घाटमाथा
चढावरच्या खळखळीबद्दल कुणीच बोललं नाही. ते आता सगळ्या पंपांवर मिळणारं ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. जुन्या गाड्या त्यानंच ठोकायला लागल्यात. माझा होरा नाही, अनुभव आहे.

जुनंसोनं
+१. पेट्रोलमध्ये उसाचा रस. मायलेज गेलं, पिकअप गेला.

फिलर_गेज
मायलेज कमी होतं, त्यावर वाद नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. जुन्या रबरी नळ्या आणि सील यांची काळजी करणंही रास्त, २००५ची गाडी या इंधनासाठी बनवलेली नाही. नळ्या बदलून घ्या, ते स्वस्त आहे.

पण चढावरची खळखळ त्याच्यावर ढकलू नका. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, त्यामुळे मिश्रण वेळेआधी पेटायची प्रवृत्ती कमीच होते. चढावर ठोकण्याची कारणं जुनीच: पिस्टनच्या डोक्यावर साठलेला कार्बन, बिघडलेलं टायमिंग, चुकीचा प्लग, तापणारं इंजिन. आणि सगळ्यात जास्त वेळा, वरच्या गिअरमध्ये रेटणं.

ताई, चढावर कुठला गिअर असतो?

घाटमाथा
तुमची ऑक्टेनची थिअरी कात्रजच्या जुन्या घाटात येऊन सांगा.

फिलर_गेज
येतो की. तुमची गाडी, पेट्रोल तुमचं.

शांततावादी
मंडळी, रोगनिदान चालू द्या. पण आवाज कमी करायचा कसा, हा धाग्यातला दुसरा प्रश्न सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलाय. ८००ला कंपनीनं आवाजरोधक असं फारसं काही दिलेलंच नव्हतं. मी माझ्या गाडीचे दरवाजे, फ्लोअर आणि डॅशबोर्डखालचा पत्रा, सगळीकडे ब्युटाइलचे डॅम्पिंग शीट लावले. मोबाइलच्या अ‍ॅपवर सहा डेसिबलचा फरक दिसला. गाणी ऐकू येतात आता.

निवृत्त_फोरमन
@शांततावादी, अ‍ॅपचा आकडा अचूक नसला तरी तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता आणि तोच वेग ठेवला असेल तर तुलनेला चालतो. आधीचं मोजमाप डांबरी रस्त्यावर आणि नंतरचं काँक्रीटवर असेल तर तुम्ही रस्ता मोजलात, गाडी नव्हे.

शीट पत्र्याची थरथर मारतं, ते चांगलंच आहे. पण क्रम महत्त्वाचा. आवाज कुठून येतो ते कळायच्या आधी शीट लावलं तर उद्या बेअरिंग ठोकायला लागलं तरी गाण्यांत ऐकू येणार नाही. आणि शीटच्या आधी करायच्या फुकटातल्या गोष्टी आहेतच. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात वायरी आणि केबलींसाठी भोकं असतात. त्यांची रबरं वीस वर्षांत कडक होतात, गळून पडतात. एका उघड्या भोकातून इंजिन सरळ आत बोलतं. ती बदला. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा घट्ट आहेत का बघा, नाहीतर पाय दाबला की हवा ओढण्याची गुरगुर आत येते. बॉनेटखालचा अस्तराचा कपडा उंदरांनी नेला असेल तर नवा लावा.

ताईंची एसी लावल्यावरची थरथर बहुतेक फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांची. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच जरा झुलतं, ती झूल रबरी फाउंडेशननं गिळायची असते. रबर चिरलं किंवा बसलं की धातूला धातू लागतो आणि सगळी थरथर बॉडीत उतरते. एसीच्या कॉम्प्रेसरचा भार पडला की जास्त. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, कुणाला तरी क्लच जरा सोडायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा. इंजिन उडी मारल्यागत हललं तर फाउंडेशन गेलं. समोर उभं राहू नका.

नवी_पेठ_जुनी_गाडी
फाउंडेशन घेताना नाना पेठेत दोन-चार दुकानं फिरा. दिसायला सारखीच असतात, पण नकली रबर इतकं कडक असतं की बदलल्यावर थरथर वाढते. बोटानं दाबून बघायचं. आणि जुन्या बाजारातून आणलेलं काढीव फाउंडेशन कुणी सुचवलं तर नमस्कार करून निघायचं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतंच. तिथून लोखंड आणा, रबर नको.

सदाशिव३०
जुन्या बाजारात बुधवारी गेलात तर रविवारी तुमच्याच गाडीची गायब झालेली व्हीलकॅप तुम्हालाच मिळते, असा आमच्या आजोबांचा अनुभव.

पट्टेवाला
कोल्ड स्टार्टला येणाऱ्या आवाजात पट्ट्यावरची बेअरिंगंही असतात, विसरू नका. फॅनबेल्ट सैल करून काढायचा आणि इंजिन थोडा वेळ चालवायचं. आवाज गेला तर अल्टरनेटर किंवा वॉटर पंप. पण पट्ट्याबरोबर पंपही थांबतो, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या वर नाही. आणि हे थंड इंजिनावरच. नुसती चीं-चीं असेल तर पट्ट्यावर दोन थेंब पाणी टाकून बघा, क्षणभर थांबली तर आवाज पट्ट्याचाच.

वारजेवाली
उशिरा लिहितेय, मधे ऑफिसनं पार पिळून काढलं. रविवारी सकाळी थंड इंजिनावर बसलो. मी, सासरे आणि डॉ_खोकलांनी खरंच पाठवलेला स्टेथोस्कोप (मनापासून आभार!).

रॉकर कव्हरवर कांब ठेवली तर सगळीकडे सारखीच हलकी टिकटिक, एकही जागा वेगळी नाही. ब्लॉकच्या खालच्या भागात ठोके नाहीत. मग नुसती नळी मॅनिफोल्डच्या कडेनं फिरवली. एका टोकाच्या पोर्टपाशी कानात थापडच बसली. टॉर्च मारला तर तिथे काजळीचा काळा फराटा. फडक्याची चाचणी सासऱ्यांनी केली, आवाज लगेच वाढला. त्याच सिलिंडरचं इंजेक्टर सॉकेट काढलं तर इंजिन लंगडलं आणि टकटक जवळजवळ गेली.

फोरमन काका, तुमचे पाय कुठे आहेत? आता पुढे काय करू? त्या टोकाचा एक नट जागेवर दिसतच नाहीये.

निवृत्त_फोरमन
पाय संधिवातात आहेत, नमस्कार पोचला.

नट नाही म्हणजे स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला असणार. तापून-निवून वर्षानुवर्षं गंजतात आणि टोकाचे आधी जातात. नुसते उरलेले नट आवळून भागणार नाही, त्यात दुसरा स्टड तुटेल. कामाच्या आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांगा. तुटलेला स्टड बाहेर थोडा जरी दिसत असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करतात आणि पान्यानं फिरवून काढतात. वेल्डिंगची उष्णताच गंज सोडवते. हेडच्या आत बरोबरीनं तुटला असेल तर ड्रिल करावं लागतं, ते काम हात बसलेल्या माणसालाच द्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढायला सांगा, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) वाचेल.

मॅनिफोल्ड उतरलंच आहे तर त्याचा चेहरा सपाट आहे का ते पट्टी लावून बघा. वाकला असेल तर लेथवाल्याकडून घासून घ्या, नाहीतर नवं पॅकिंगही फुटेल. हेड उतरवायची गरज नाही. कुणी उतरवूया म्हणालं तर का ते विचारा.

फिलर_गेज
आणि त्याच दिवशी, इंजिन थंड असताना, टॅपेटही मोजून घ्या. सहाच व्हॉल्व्ह आहेत. एक सूचना: ‘एकदम शांत करून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. फट कमी केली की टॅपेट गप्प होतात, पण तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, त्याची उष्णता बाहेर जायला वाट उरत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडी टिकटिक राहिलेली चांगली. सीएनजीवाल्यांनी तर गप्प टॅपेटचीच भीती धरावी. सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, फट आपोआप संपते आणि गाडी छान शांत चालतेय असं वाटत असतानाच कॉम्प्रेशन जातं.

जुनंसोनं
म्हणजे माझी झेन शांत आहे हेही वाईट?

फिलर_गेज
सीएनजी आहे का?

जुनंसोनं
आहे.

फिलर_गेज
मग मोजून घ्या हो, लवकर.

वारजेवाली
काम झालं. स्टड अर्धा बाहेर होता, वेल्डिंग करून निघाला. मॅनिफोल्ड किंचित वाकलं होतं, ते घासून घेतलं. पॅकिंग नवं, स्टड आणि नट सगळेच नवे. टॅपेट मोजले, दोन एक्झॉस्टचे घट्टच निघाले, म्हणजे तिथे आवाज वाढवून घेतला म्हणायचं! एक फाउंडेशन खालून फाटलं होतं, तेही बदललं. सगळं मिळून हाफ इंजिनवाल्याच्या आकड्यापुढे किरकोळ. सकाळची कोरडी टकटक गेली. एसीची थरथर पूर्ण नाही, पण पुष्कळ कमी.

चढावरची खळखळ मात्र तशीच आहे. @फिलर_गेज, तुम्ही गिअर विचारला होतात. चौथा. सासऱ्यांची शिकवण आहे, वरचा गिअर म्हणजे पेट्रोलची बचत.

फिलर_गेज
चारच गिअर आहेत त्यात. चाळीसच्या वेगानं, एसी लावून, चौथ्यात त्या चढावर पाय दाबणं म्हणजे इंजिनाला कमी फेऱ्यांत जास्त ओढायला लावणं. तिसरा टाका. खळखळ गेली तर तीच गोष्ट होती. तिसऱ्यातही आली तर प्लगचा नंबर आणि तापमान बघायचं, मग कार्बन. सासऱ्यांना सांगा, असं रेटून पेट्रोल वाचत नाही, कारण मग पाय आणखी दाबावा लागतो.

घाटमाथा
आणि तरीही आली तर ई-२०.

वारजेवाली
तिसऱ्यात सहज चढली, खळखळ नाही. एसी लावून बघितलं, तरीही नाही. सासरे म्हणाले, ‘मग चौथा दिलाय कशाला?’ मी उत्तर दिलं नाही.

निवृत्त_फोरमन
छान. मॅनिफोल्डचे नट चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर एकदा पुन्हा तपासून आवळून घ्या, नवं पॅकिंग थोडं बसतं. मधून बाहेरच्या दिशेनं आवळायचं, टोकाकडून नाही.

शांततावादी
आता तरी डॅम्पिंग शीट?

वारजेवाली
आधी ती भोकांची रबरं. दोन गायब आहेत, एकातून तर स्टेथोस्कोपची नळी आरपार गेली.

जुनंसोनं
ताई, टॅपेट कुठे केलेत? गॅरेजचं नाव द्या की.

वारजेवाली
व्यनि केलाय.

ओम्नीवाला
मलाही.

दणकट_चेतक
मलाही. चेतकला टॅपेट नाहीत, पण माणूस ओळखीचा असलेला बरा.